शब्दांचे कूळ आणि कानाची साक्ष

मराठी शब्दकोश उघडला की कितीतरी शब्दांपुढे कंसात 'फा.' किंवा 'अर.' अशी अक्षरे दिसतात. शब्द फारसीतून आला की अरबीतून, एवढेच त्यातून सांगायचे असते. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली, तेव्हापासून ही पद्धत आपल्याकडे रुळली. पुढे १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड निघाले, १९४६ साली कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश आला. या मंडळींनी केलेल्या कष्टांचे ऋण फिटणारे नाही. पण कोशकाराने केलेली नोंद आणि वाचणाऱ्याने काढलेला अर्थ यांत बरेच अंतर पडले. कोशकाराने शब्द कुठून आला ते लिहिले. वाचणाऱ्याने तो शब्द कुणाचा नाही ते ठरवले. कंसातली दोन अक्षरे म्हणजे जणू परकेपणाचा दाखला झाला.

मराठी मुसलमानाला हा अनुभव ओळखीचा आहे. गावात सात पिढ्यांची घरे आणि कबरी असल्या तरी 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न सुटत नाही. 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' या कौतुकातही तो लपलेला असतो. शब्दाला लावलेली फूटपट्टी आणि माणसाला लावलेली फूटपट्टी एकच आहे, म्हणून व्युत्पत्तीचा विषय आपल्यासाठी केवळ विद्वानांचा विरंगुळा उरत नाही. शब्दांचा इतिहास कसा सांगितला जातो, कोण सांगतो आणि तो ऐकणाऱ्याच्या मनावर काय ठसतो, याची चिकित्सा आपण केली पाहिजे.

अशी चिकित्सा आता करायचे आणखी एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत शब्दांचा इतिहास सांगण्याची एक वेगळी रीत पुढे आली आहे. ती वाचायची नसून ऐकायची आहे. रेडिओवर आणि आता मोबाइलवर हवे तेव्हा ऐकता येणाऱ्या मालिकांतून, ज्यांना पॉडकास्ट म्हणतात, शब्दांच्या जन्मकथा गोष्टीसारख्या सांगितल्या जातात. इंग्रजीत हा प्रकार चांगलाच रुजला आहे. मराठीत तो रुजू पाहतो आहे. तिकडच्या कामाचे गुण-दोष तपासले तर आपल्याला काय घ्यायचे आणि काय टाळायचे ते कळेल.

इंग्रजीतले कथन

बीबीसी रेडिओवर १९९९ साली मेल्विन ब्रॅग यांनी 'द रूट्स ऑफ इंग्लिश' ही मालिका सादर केली. २०१२ साली अमेरिकेत 'लेक्सिकन व्हॅली' सुरू झाली, २०१५ साली हेलन झाल्ट्झमन यांची 'द अल्यूजनिस्ट' आली. पण या सर्वांत ज्या कामाचा स्वतंत्र विचार करावा असे काम म्हणजे केविन स्ट्राउड यांची 'द हिस्टरी ऑफ इंग्लिश पॉडकास्ट' ही मालिका. स्ट्राउड हे पेशाने वकील, विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ नव्हेत. २०१२ साली त्यांनी ही मालिका सुरू केली. दीडशेहून अधिक भाग झाले, दहा वर्षे उलटली, तेव्हा कुठे गोष्ट शेक्सपिअरच्या काळापर्यंत पोहोचली. एकच माणूस शांत आवाजात बोलतो. नाट्य नाही, संगीताचा भडिमार नाही. तरीही माणूस तासभर ऐकत राहतो.

याचे रहस्य रचनेत आहे. स्ट्राउड शब्दाला कोशातल्यासारखे एकटे उभे करत नाहीत. आधी काळ येतो, मग त्या काळातली माणसे, त्यांची भांडणे, त्यांचा व्यापार, त्यांचे राज्य. आणि या सगळ्याच्या ओघात शब्द येतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला शब्द हा प्रवास करून आलेला पाहुणा वाटतो आणि थोड्या वेळाने तो पाहुणाही वाटेनासा होतो. इंग्रजीची गोष्ट सांगताना ते आरंभ करतात तो इंडो-युरोपीय भाषाकुलापासून. त्यात आपल्या देशाचा धागा आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केले आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच लुप्त मुळातून निघाल्या असाव्यात असे मत मांडले. त्याच कुळात त्यांनी प्राचीन फारसीचीही गणना केली. या जोन्स यांनी त्याआधी पंधरा वर्षे, १७७१ साली, फारसीचे व्याकरण लिहिले होते, हे आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

इंग्रजीच्या गोष्टीतला सर्वांत मोठा प्रसंग १०६६ सालचा. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडच्या दरबाराची, न्यायाची, कराची भाषा फ्रेंच झाली. जज, ज्युरी, प्रिझन, रेंट, कोर्ट हे सारे शब्द फ्रेंचकडून आले. घर, पाणी, भाकरी, आई यांचे शब्द मात्र इंग्रजांचे स्वतःचेच राहिले. जेत्यांची भाषा लादली गेली, हे लपवायचे कारण नाही. आज मात्र 'जज' हा शब्द उच्चारताना कुणा इंग्रजाला आपण पराभवाची खूण जिभेवर वागवतो आहोत असे वाटत नाही. तिथेही शुद्धीचे प्रयोग झाले. विल्यम बार्न्स या डॉर्सेटच्या कवीने १८७८ साली ग्रामर या शब्दाऐवजी 'स्पीचक्राफ्ट' असा देशी शब्द योजून पुस्तक लिहिले. इंग्रजीने तो शब्द कौतुकाने पाहिला आणि बाजूला ठेवला.

इतके कौतुक केल्यावर या प्रकाराचा दोषही सांगितला पाहिजे. गोष्ट सांगणाऱ्याला चांगली गोष्ट सोडवत नाही. गोठ्यातल्या गाईला 'काऊ' हा इंग्रजी शब्द, कारण तिला राखणारा गरीब इंग्रज. ताटात आल्यावर तिला 'बीफ' हा फ्रेंच शब्द, कारण खाणारा नॉर्मन सरदार, हा किस्सा शब्दांवरच्या कार्यक्रमांत हमखास ऐकू येतो. किस्सा देखणा आहे. पण तो लोकप्रिय झाला वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या १८१९ सालच्या कादंबरीमुळे. प्रत्यक्षात पुढची कित्येक शतके 'बीफ' आणि 'मटन' हे शब्द जिवंत जनावरांसाठीही वापरले जात होते. अर्थाची ही वाटणी हळूहळू झाली, एका राज्यक्रांतीने नव्हे. छापील मजकुरात वाचक मागे जाऊन तपासू शकतो, शंका घेऊ शकतो. ऐकताना ओघ पुढे नेतो आणि आवाजातला विश्वास पुराव्याची जागा घेतो. श्राव्य कथनाचा हा मूलभूत धोका आहे.

आपल्याकडे याचे उदाहरण रोजच्या न्याहारीत आहे. पीठ पायांनी तुडवतात म्हणून त्याला 'पाव' म्हणतात, असे अजूनही लोक एकमेकांना सांगतात. पाव हा शब्द पोर्तुगीज 'पाँव' या रोटीवाचक शब्दावरून आला, पायाशी त्याचा संबंध नाही. पण पायाची गोष्ट चविष्ट आहे, म्हणून ती टिकते.

आपली गोष्ट कशी सांगितली गेली

आता मराठीकडे वळू. मराठीतल्या फारसी-अरबी शब्दांची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा दोन अंकी नाटकासारखी सांगितली जाते. पहिल्या अंकात आक्रमण, दुसऱ्या अंकात शुद्धी. या सांगण्याला आधार नाही असे नव्हे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर जुनी पत्रे घेऊन शब्दच मोजले. त्यांच्या मोजणीप्रमाणे १६२८ सालच्या पत्रात फारसी शब्द शेकडा ८५ च्या घरात, १६७७ सालच्या पत्रात शेकडा ३८ च्या आसपास आणि १७२८ सालच्या पत्रात जेमतेम ६. नव्या राज्याला आपल्या भाषेचा अभिमान वाटावा, यात गैर काही नाही. तो राज्यकर्त्याचा शहाणपणाचा निर्णय होता.

पण नाटकाचा पडदा इथे पाडला की पुढची गोष्ट ऐकायची राहून जाते. पेशवा या फारसी पदाला मुख्य प्रधान असा पर्याय मिळाला खरा, पण पुढची शंभर वर्षे पुण्यातून राज्य हाकणाऱ्यांना लोकांनी पेशवे म्हणूनच ओळखले. कारभार लिहिणारी घराणी आपली आडनावे फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस अशीच लावत राहिली. या सर्वांतले 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. राजवाड्यांनी कागदावरचे शब्द मोजले. जिभेवरचे मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते.

मुळात हे शब्द मराठीत आले कसे? तलवारीच्या टोकावर बसून शब्द येत नाहीत. बहमनी आणि नंतरच्या शाह्यांच्या काळात फारसी ही सत्तेची भाषा होती, हा दबाव होताच. पण गावोगावी महसुलाचे कागद लिहिणारा कुलकर्णी होता, देशपांडे होता. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात हिशेबाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणले आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती सोपवले, अशी नोंद फरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. म्हणजे एका मुसलमान सुलतानाने दप्तर देशी केले आणि दप्तरातले देशी लेखक फारसी शब्द सहजपणे आपल्या वाक्यात बसवत गेले. जमीन, महसूल, दाखला, तक्रार, फिर्याद, वकील हे शब्द ज्या लेखणीतून मराठीत उतरले ती लेखणी मराठी माणसाचीच होती. इतकेच काय, लिहिण्याचे साहित्यही त्याच वाटेने आले: कागद, कलम, दौत आणि शाई.

आणि हे केवळ कचेरीपुरते नव्हते, याचा पुरावा संत एकनाथांनी ठेवला आहे. नाथांनी 'अर्जदास्त' नावाची रचना केली. मानवी देहाला परगणा कल्पून, सरकारी अर्जाच्या फारसीमिश्रित भाषेत, तिथल्या बेबंदशाहीची तक्रार धन्यापुढे मांडायची, असा तिचा थाट आहे. ही रचना वाचण्यासाठी नव्हती, ऐकण्यासाठी होती. समोर बसलेला कुणबी, तेली, तांबोळी निरक्षर होता. त्याला ते फारसी शब्द कळले नसते तर विनोदही कळला नसता आणि अध्यात्मही. म्हणजे सोळाव्या शतकात हे शब्द मराठी माणसाच्या कानाचे झाले होते. शब्दांशी खेळत, ऐकवून, लोकांना शहाणे करण्याची ही परंपरा आपल्याकडे पॉडकास्टच्या चारशे वर्षे आधीची आहे. तिचेच पुढचे रूप म्हणजे 'शाहीर पोवाडा गातो' हे वाक्य. त्यातला शाहीर अरबीतल्या 'शायर'वरून आला, पोवाडा प्राकृताच्या अंगणातला. दोघांना एकमेकांवाचून करमत नाही.

विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ आली. सावरकरांनी अनेक पर्यायी शब्द दिले, त्यातले कित्येक चांगले होते आणि टिकले. या चळवळीतला विलक्षण अध्याय माधव जूलियन यांचा. फारसीचे हे प्राध्यापक, १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला, मराठीत गझल रुजवली आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तकही लिहिले. एकाच माणसात फारसीचे प्रेम आणि मराठीच्या शुद्धीची तळमळ नांदत होती, हे गोष्ट सांगणाऱ्याने टाळू नये. शुद्धीने फारसी शब्द घालवले नाहीत, मराठीला जोडशब्द दिले. दिनांक आला, तारीख राहिली. अर्जावर आपण दिनांक लिहितो, पण कोर्टात अजूनही तारीखच पडते. सभेत माणसे उपस्थित असतात, शाळेत मुले हजर असतात. भाषेला दोन्ही लागतात.

कान काय सांगतो

या सर्व गोष्टी पुस्तकात वाचता येतात. डॉ. यू. म. पठाण यांच्यासारख्या अभ्यासकांनी फारसी-मराठी संबंधांवर आयुष्यभर काम करून त्या मांडल्याही आहेत. मग ऐकण्याचा आग्रह कशासाठी? कारण काही पुरावे फक्त कानालाच मिळतात.

'जहाज' हा शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. त्यात 'ज' दोनदा आहे. पहिला 'जीव'मधल्यासारखा, दुसरा 'जाड'मधल्यासारखा. देवनागरीत दोन्ही एकाच अक्षराने लिहितो. मूळ शब्दात ही दोन वेगळी अक्षरे आहेत, पहिले जीम आणि शेवटचे झे. अरबी-फारसी लिपीचा गंध नसलेला कोळीसुद्धा या दोन अक्षरांतला फरक आपल्या उच्चारात पाळतो. लिपीने जे पुसले ते जिभेने राखले. उलट 'कलम', 'बाग', 'खबर' यांतले घशातून काढायचे काफ, गैन, खे आपण कधीच सोडून दिले आणि साधे क, ग, ख म्हणू लागलो. शब्द घरचा झाल्याची ही खूण आहे. कोशातला कंस त्याला पाहुणा म्हणत असेल, पण त्याची चाल केव्हाच घरच्यासारखी झाली.

व्याकरणाची साक्ष तर आणखी मोलाची आहे. बहीण, बहिणीला, वकील, वकिलाला, जमीन, जमिनीत, गरीब, गरिबाला. विभक्ती लागली की शेवटून दुसरे अक्षर आखूड होते. आता शरीर, शरीराला, गीत, गीताला. इथे ते आखूड होत नाही. शुद्धलेखनाच्या मान्य नियमांप्रमाणे मराठी शब्दांना हा बदल लागतो, संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले तत्सम शब्द त्याला अपवाद. आणि त्या नियमाखाली मराठी शब्दांची उदाहरणे म्हणून जे शब्द दिले जातात त्यांत 'गरीब' आणि 'वकील' ठळकपणे आहेत. म्हणजे व्याकरणाने वकिलाला बहिणीच्या पंक्तीला बसवले आहे आणि तत्सम शब्दाला मानाच्या पाहुण्याचा वेगळा पाट दिला आहे. व्याकरणाने कुणाला मूळ गाव विचारले नाही, घरात वावर कसा आहे ते पाहिले.

अर्थांचा प्रवासही असाच. फारसीत 'शिकस्त' म्हणजे मोडणे, पराभव. मराठी माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो तेव्हा तो हार मानायला तयार नसतो. 'शिताब' म्हणजे घाई. आपली 'शिताफी' म्हणजे हातोटी. 'खूब' म्हणजे चांगले. त्याचे 'खूप' झाले आणि अर्थ पुष्कळ असा झाला. 'खूप', 'फक्त', 'शिवाय', 'वगैरे', 'कमी', 'जास्त' हे शब्द काढून कुणी पाच मिनिटे मराठी बोलून दाखवावे. एसटीच्या फलकावर वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द वाचताना त्यात फारसीतले 'बुजुर्ग' आणि 'खुर्द', म्हणजे थोरले आणि धाकटे, बसले आहेत हे किती जणांच्या लक्षात येते? फारसीतल्या 'बुजुर्ग'चा 'बुद्रुक' कुणी पंडिताने केला नाही, गावकऱ्यांच्या जिभेने केला.

आणि आता जोन्स यांच्याकडे परत जाऊ. फारसी आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा आहेत. संस्कृतात जिथे 'स' येतो तिथे फारसीत अनेकदा 'ह' येतो. सप्ताह आणि हप्ता हे शब्द एकामागून एक म्हणून पाहिले की त्यांचे नाते कानालाच कळते. मास आणि माह, हस्त आणि दस्त, शत आणि सद हीही अशीच भावंडे आहेत. 'बंदोबस्त' हा पोलिसी शब्द संस्कृतातल्या बंध आणि बद्ध यांच्या नात्यातला आहे. आपण कचेरीतल्या हप्त्याच्या जागी सप्ताह आणतो तेव्हा परक्याला घालवून घरच्याला आणत नाही, एका चुलत बहिणीला उठवून दुसरीला बसवतो. अरबी मात्र वेगळ्या कुळातली, तिचे हे नाते नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

याच कुळातला आणखी एक शब्द आपल्या घरातला आहे. नमाज हा शब्द अरबी नव्हे, अरबीत सलात म्हणतात. नमाज फारसी आहे आणि तो वाकणे, नमणे या अर्थाच्या त्याच प्राचीन धातूतून आला आहे ज्यातून संस्कृतात नमस् आणि आपल्या मराठीत नमस्कार आला. धर्म वेगळे, उपासना वेगळी, यात काही सरमिसळ करायची नाही. पण दोन घरांतली माणसे ज्या दोन शब्दांनी आपापल्या ईश्वरापुढे वाकतात ते शब्द सख्ख्या नात्यातले आहेत, ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला ऐकायला मिळायला हवी.

आपली जबाबदारी

इथे आपल्या मंडळींनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. फारसी शब्दांची यादी वाचून 'ही आमची मराठीला देणगी' असे अभिमानाने सांगणारे आपल्यात कमी नाहीत. हे म्हणणे शुद्धिवाद्यांच्या म्हणण्याचीच दुसरी बाजू आहे. दोघेही फारसी शब्द म्हणजे मुसलमानाचा शब्द असे धरून चालतात. आपल्या अत्तार, पिंजारी, तांबोळी, बागवान पूर्वजांना फारसी तितकीच परकी होती जितकी शेजारच्या कुणब्याला. बटाटा पोर्तुगीज आहे म्हणून तो कुणी ख्रिस्ती मानत नाही. मग वकील आणि जमीन यांनाच धर्म का असावा?

आपली खरी देणगी वेगळ्या ठिकाणी आहे आणि ती कुठल्याही कंसात नाही. घरात बोलल्या जाणाऱ्या दखनीत मराठीचा 'नको' जाऊन 'नक्को' झाला. 'मैंच जाऊंगा' म्हणताना मराठीतला जोर देणारा 'च' दखनीच्या अंगात भिनला. शब्दांची देवघेव एकाच दिशेने झाली नाही, याचा हा जिवंत पुरावा. कोकणातल्या मुसलमान बायांची बोली, कासार-मणेर यांचे बाजारातले शब्द, पिंजाऱ्याच्या हत्यारांची नावे, सुईणीचे आणि आजीचे शब्द यांतले फार थोडे छापले गेले आहे. ही संपत्ती आवाजात आहे आणि आवाजाची माणसे वयाने थकत चालली आहेत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण लिहिते झालो. आता ऐकते आणि ऐकवते होण्याची पाळी आहे.

मराठीत शब्दांची श्राव्य मालिका जो कुणी करील त्याने स्ट्राउड यांच्याकडून संयम घ्यावा, घाईने किस्से सांगू नयेत. शब्द कोणत्या कागदात, कोणत्या साली पहिल्यांदा दिसतो ते सांगावे. जिथे दोन मते आहेत तिथे दोन्ही सांगावीत. साबण अरबीतून आला की पोर्तुगीजांकडून, मेज फारसीतून की पोर्तुगीजांकडून, यावर वाद आहे. खुद्द 'बखर' हा शब्द अरबीतल्या 'खबर'ची अक्षरे उलटून झाला की भाख, म्हणजे बोलणे, यावरून आला, याचाही एकमताने निकाल नाही. अशा वेळी एका मताची बाजू घेऊन टाळी मिळवण्यापेक्षा वाद उघडा ठेवणे अधिक प्रामाणिक. आणि मालिकेत एकाच शहराचा, एकाच घराण्याचा प्रमाण आवाज नसावा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, दखनी हे सर्व आवाज त्यात यावेत, कारण बुजुर्गाचा बुद्रुक करणारी जीभ त्याच गावांतली होती.

गरीब या शब्दाचा अरबीतला अर्थ परका, परदेशी असा आहे. घर सोडून आलेला माणूस बहुधा निर्धनच असायचा, म्हणून इकडे येता येता त्याचा अर्थ निर्धन असा झाला. कोश आजही त्याच्यापुढे 'अर.' लिहितो, लिहू द्यावे, ती नोंद खरीच आहे. पण मराठीत इतकी शतके राहिल्यावर या शब्दातला परका कधीच निघून गेला आहे. तो कसा गेला, कुणाच्या तोंडून गेला, हे सांगणारी गोष्ट आपल्या मुलांच्या कानावर घालणे आपल्या हातात आहे. सुरुवातीला विद्यापीठही नको आणि अनुदानही नको. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर बसून त्यांचे शब्द ध्वनिमुद्रित केले, त्यांवर तारीख, गाव आणि धंदा लिहून ठेवला, तरी या कामाचा पाया पडेल.